बेळगावच्या खडेबाजारातलं डीटीपीचं दुकान: ग्राफिक दाखवायला बेस्ट

मी हौसेखातर सिग्नेचर ग्राफिक बनवतो, म्हंजे ऑनलाइन फोरमवर आपल्या पोस्टखाली लावायची ५०० बाय १५० पिक्सेलची आडवी पट्टी, त्यात चित्र आणि आपलं नाव. घरी दाखवलं की सगळे ‘मस्त हाय की’ म्हणून मोबाईल परत देतात, त्याचा काय उपयोग. या दुकानातले काका मात्र लग्नपत्रिका सेट करता करता खरं ते सांगतात. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याच्या फोटोवर केलेलं ग्राफिक बघून म्हणाले, "ऊन डावीकडनं पडलंय आणि नावाची सावलीपण डावीकडंच? आणि एवढा ग्लो कशाला मारलायस रे, नाव वाचू दे की." फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत होती ती वर्ल्ड-रेडी कंपोजर (आपल्या लिपीतली अक्षरं नीट जोडणारी सेटिंग) लावून तिथल्या तिथं जोडून दिली, फॉन्ट मुक्ता घेतला, आणि जेपीजी नको पीएनजी कर म्हणाले कारण जेपीजीत अक्षरांच्या कडेला घाण येते, आणि झूम केल्यावर खरंच फरक दिसला. पैसे फक्त प्रिंटचे, सल्ला फुकट. लग्नसराईत मात्र जाऊ नका, मान वर करत नाहीत, आणि बसायला एकच स्टूल, त्यावरपण कागदाचे गठ्ठे. जाताना पेनड्राईव्हमध्ये लेयरवाली पीएसडी, म्हंजे चित्र-नाव सुटं ठेवलेली फोटोशॉपची मूळ फाईल, न्या, नुसता स्क्रीनशॉट ते बघतच नाहीत.