सॉफ्टबॉल की बेसबॉल? नव्यांनी आधी हात बघावा

बेळगावच्या टिळकवाडीच्या मैदानावर फास्टपिच (वेगवान फेकीचा) सॉफ्टबॉल पहिल्यांदा बघणारा क्रिकेटवाला हमखास हसतो, ‘हे तर आपलं गल्लीतलं अंडरआर्म की ओ!’ बॅट हातात दिली, की हसू मावळतं. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवते, मनगट मांडीजवळून झटकते आणि चेंडू सुटतो. अंतर फक्त ४३ फूट. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर. बेसबॉलचा पिचर उंचवट्यावरून, खांद्यावरून फेकतो, तेही ६० फूट ६ इंचांवरून. त्यामुळे त्याच्या ताशी दीडशेच्या चेंडूवरही बॅटवाल्याला वेळ जवळपास तेवढाच मिळतो.

‘सॉफ्ट’ नावाला फसू नका. चेंडू चांगला टणक असतो, फक्त मोठा: घेर १२ इंच, बेसबॉलचा ९च्या आसपास. डाव सात, तिकडे नऊ.

बेसमधलं (धावताना गाठायच्या ठिकाणांमधलं) अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. शिवाय चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावणाऱ्यानं बेस सोडायचा नाही. बेसबॉलमध्ये मात्र तो आधीच चार पावलं पुढे सरकून पिचरला छळतो. मला ती चोरटी गंमत आवडते, पण खानापूर-निपाणीकडच्या शाळेच्या मैदानात मावेल ते सॉफ्टबॉलच.