सोमवारचे रक्त आणि शुक्रवारचे रक्त

मागील महिन्यात एका परिचितांनी मला किडनीच्या आजारावरील उपचाराचे एक जाहिरातपत्रक पाठवले आणि डायलिसिसवर असलेल्या आपल्या भावासाठी विचारले की, या उपचाराविषयी काही माहिती आहे का. पत्रकावर रक्ततपासणीचे दोन अहवाल शेजारी शेजारी छापलेले होते. डावीकडच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ घटक, ९.२ होते (किडनी निकामी झाली की हा आकडा चढतो), उजवीकडच्या अहवालात ४.८, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘केवळ ४० दिवसांत डायलिसिसपासून मुक्ती’. रुग्णाच्या नावावर काळी पट्टी होती आणि रक्त घेतल्याची तारीख व वेळ दाखवणारी ओळ कापून टाकलेली होती. तरीही मी ते अहवाल ओळखले, कारण ते माझ्या वडिलांचे आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रयोगशाळाही खरी आहे, आणि आमची फसवणूक नेमकी त्या खऱ्या आकड्यांच्या आधाराने झाली.

अण्णांना पंचवीस वर्षांपासून रक्तदाबाचा विकार होता. गोळ्या चालू असत, मग ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद होत. किडनीचे बरेचसे काम थांबेपर्यंत माणसाला विशेष काही जाणवत नाही, हे आम्हाला पायांवर सूज आली आणि अन्नावरची वासना गेली तेव्हा कळले. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या ८ सेंटिमीटरच्या आसपास आकसलेल्या दिसल्या. प्रौढ माणसाची किडनी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की, वर्षानुवर्षे व्रण पडून निकामी झालेल्या या गाळण्या पुन्हा कामाला लागणार नाहीत. यापुढे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हेच मार्ग आहेत. आईला मधुमेह असल्याने तिची किडनी घेता येत नव्हती. रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत अण्णांचे नाव नोंदवले आणि दर सोमवारी व गुरुवारी चार-चार तासांचे डायलिसिस सुरू झाले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे त्याचा खर्च आमच्यावर पडत नव्हता. जाच होता तो पाण्याचा. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि आमटी. ज्या माणसाने आयुष्यभर विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायले, त्याला पेल्यावर खूण करून पाणी द्यावे लागे. या पार्श्वभूमीवर आमच्या दाजींनी किडनी बरी करून देणाऱ्या एका शिबिराची बातमी आणली. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

शिबिर एका मंगल कार्यालयात होते. स्वतःला नाडीतज्ज्ञ म्हणवणाऱ्या त्या गृहस्थांनी सुरुवातीलाच एका तरुण शेतकऱ्याला पुढे बोलावले. घोणस चावल्यावर त्याची किडनी बंद पडली होती, काही आठवडे डायलिसिस करावे लागले होते, आणि आता तो ठणठणीत होता. तो तरुण एकही शब्द खोटे बोलला नाही. घोणसाच्या विषाने, अतिसारातील निर्जलीकरणाने, लेप्टोस्पायरोसिसने किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकाने किडनीला अकस्मात इजा होते तेव्हा ती पुष्कळदा काही आठवड्यांत सावरते आणि डायलिसिस थांबवता येते. अण्णांचा आजार जीर्ण स्वरूपाचा होता, तो निराळा. डॉक्टरांनी हा फरक आम्हाला एकदा सांगितला होता, पण आमच्यासमोर धडधाकट माणूस उभा होता, आणि डोळ्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध ऐकलेली माहिती टिकत नाही.

सुरुवातीला २१,००० रुपये आणि पुढे दरमहा ११,००० रुपये ठरले. पावती मिळाली नाही, चिठ्ठीही नाही. रक्कम मोबाइलवरून पाठवली तेव्हा खाते एका खतांच्या दुकानाच्या नावाचे निघाले. पुड्यांच्या डब्यांवर औषधाचे नाव, घटक, परवाना क्रमांक यांपैकी काहीही छापलेले नव्हते. मी नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा भिंतीवरच्या चौकटीतील एका प्रमाणपत्राकडे बोट दाखवण्यात आले. आयुर्वेदाचा वैद्य असेल तर त्याची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असावी लागते, हे मला त्या वेळी ठाऊक असते तर बरे झाले असते. पुढे ज्या पदवीधर वैद्यांना आम्ही ही हकिगत सांगितली, त्यांनी त्या पुड्या तत्काळ बंद करण्यास सांगितले. अशुद्ध रीतीने केलेल्या भस्मांत पारा किंवा शिसे राहिले तर ते किडनीचेच नुकसान करतात, असेही ते म्हणाले.

आता त्या अहवालांविषयी. उपचार सुरू होण्यापूर्वीचे रक्त सोमवारी सकाळी, डायलिसिसला जाण्याआधी घेतले गेले. गुरुवारनंतर चार दिवस रक्त साफ झालेले नसल्यामुळे तो आठवड्यातील सर्वांत चढा आकडा असतो. त्यानंतर ३९ दिवसांनी ‘शुक्रवारी सकाळीच द्या, त्या दिवशी औषधाचा अंमल चांगला असतो’, असा निरोप आला. शुक्रवारी सकाळी म्हणजे गुरुवारच्या डायलिसिसनंतर काही तासांनी. रक्तातील क्रिएटिनिन यंत्राने उतरवले होते. किडनीचा किंवा पुड्यांचा त्यात काहीही वाटा नव्हता. शिवाय पथ्यात डाळ, दूध, अंडी सर्व बंद केल्याने अण्णांचे वजन ५८ वरून ५३ किलोवर आले होते. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते, त्यामुळे माणूस खंगला तरी हा आकडा खाली येतो. डायलिसिसवरील रुग्णाला खरे तर प्रथिने अधिक लागतात. आम्ही मात्र त्या ४.८ वर पेढे वाटले.

त्यानंतर ‘किडनी जागी झाली आहे, यंत्राची सवय मोडा’ असा सल्ला आला. आधी गुरुवारचे डायलिसिस बंद झाले, मग सोमवारचेही. रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या गेल्या. किडनी ‘धुण्यासाठी’ रोज शहाळ्याचे पाणी आणि कोथिंबिरीचा रस सुरू झाला. अण्णा शहाळे पिताना जो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, तो मला अजून आठवतो, आणि त्यामुळेच त्या माणसाचा राग अधिक येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती बिघडवते.

शेवटच्या डायलिसिसनंतर अकराव्या रात्री अण्णांना आडवे झोपता येईना. उचकी थांबत नव्हती, श्वास घरघरत होता. रुग्णालयात पोटॅशियम ७.१ निघाले, ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियमचे इंजेक्शन देऊन मध्यरात्री तातडीचे डायलिसिस केले गेले. सुदैवाने हातावरचा फिस्चुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, चालू होता. ते वाचले, गेलेले वजन मात्र अजून पुरते भरून आलेले नाही.

त्या गृहस्थांना फोन केला तेव्हा ‘तुम्ही पथ्य पाळले नाही’ एवढेच उत्तर मिळाले. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि जे रोग बरे करण्याची जाहिरात तो निषिद्ध ठरवतो, त्यांच्या अनुसूचीत मधुमेहाबरोबर ब्राइट्स डिसीज, म्हणजे किडनीच्या विकाराचे जुने नाव, आहे. मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज दिला. तेथे पावती मागितली गेली. आता निदान ते पत्रक आणि त्यावरच्या अहवालांच्या तारखांसह मूळ प्रती हाती असल्याने पुरवणी अर्ज दाखल केला आहे.

पत्रक पाठवणाऱ्या परिचितांना मी उलट दोनच गोष्टी विचारल्या : भावाच्या किडनीचा सोनोग्राफीतील आकार, आणि शिबिरवाल्यांनी रक्त कोणत्या वारी द्यायला सांगितले आहे. आकार ७.६ सेंटिमीटर होता. भावाचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असते. पहिले रक्त मंगळवारी सकाळी देऊन झाले होते. दुसरे पुढच्या महिन्यात, बुधवारी सकाळी द्यायचे होते.