थिनर, बाटल्या आणि पी०४२०: आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत फिरता येईल. पेट्रोलच्या टाकीत ओतलेल्या कुठल्याही पदार्थाने माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला धूर शुद्ध करणारा डबा, सुधारला नाही. पण या आठ महिन्यांत दोनदा तरी तो सुधारलाय अशी माझी पक्की खात्री झाली होती. ती का झाली, हेच खरं सांगण्यासारखं आहे.

गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग, बीएस ४, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली. जूनच्या शेवटी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. ब्लूटूथवर चालणारा स्वस्तातला स्कॅनर घरात होताच. तो लावला तर पी०४२०: कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली.

हा कोड कसा ठरतो ते थोडक्यात. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचं व्होल्टेज सतत ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचत असतं. कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या जोडीला सिरियाचा (सिरियम ऑक्साइडचा) थर असतो. तो जास्तीचा ऑक्सिजन साठवतो आणि कमी पडला की सोडतो. त्यामुळे कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास निवांत बसलेला दिसतो. माझा मागचा सेन्सर परीक्षेत पुढच्याचं बघून लिहिणाऱ्या पोरासारखा पुढच्याची हुबेहूब नक्कल करत होता.

त्याच आठवड्यात पीयूसी काढली. मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेले हायड्रोकार्बन) २०० पीपीएम. माझी गाडी दोन्हीत आरामात पास झाली. मी खूश. साठवणीची ताकद आधी जाते आणि धूर नंतर बिघडतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग बाटल्या सुरू झाल्या. पहिली ‘कन्व्हर्टर क्लीनर’ म्हणून विकली जाणारी, ३०० मिली, नऊशेच्या घरात. पाव टाकी पेट्रोलात ओतायची आणि गाडी पळवायची. मी ओतली आणि स्कॅनरने कोडही पुसला. दिवा गेला. अठरा दिवस गेला! चिंचवड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, डॅशबोर्ड स्वच्छ, मी ऑफिसात चार जणांना बाटलीचं नाव सांगून मोकळा.

इथेच फसलो होतो. कोड पुसला की गाडीचा संगणक कन्व्हर्टरची तपासणी नव्याने सुरू करतो आणि ती पूर्ण व्हायला गरम इंजिन आणि काही मिनिटं एकसारखा वेग लागतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एकसारखा वेग कुठून आणणार? तपासणी होतच नव्हती, म्हणून दिवा लागत नव्हता. सासुरवाडीला वाईला गेलो, हायवेवर गाडी तासभर ऐंशीने चालली आणि परतीच्या फेरीत दिवा हजर. बहुतेक गाड्यांत पहिल्या फेरीत कोड ‘पेंडिंग’ राहतो आणि दुसऱ्या फेरीत दिवा लागतो, हे नंतर कळलं. ‘दिवा गेला’ म्हणणाऱ्याला मी आता एकच विचारतो: स्कॅनरमध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर ‘रेडी’ दिसत होता का, म्हणजे ती तपासणी पूर्ण झाली होती का?

दुसऱ्या प्रकारची बाटली पीईए, म्हणजे पॉलिइथर अमाइन असलेली, इंजेक्टर साफ करणारी. हिच्याबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. टाकी फुल करून मोजलेलं शहरातलं ॲव्हरेज साडेबारावरून सव्वातेरावर आलं, आयडलिंग मऊ झालं. पुन्हाही घेईन, इंजेक्टरसाठी. कन्व्हर्टरवर परिणाम शून्य, मागच्या सेन्सरची नक्कल जशीच्या तशी.

आता थिनर. हा उपाय अमेरिकन व्हिडिओंतून आपल्याकडे आलाय. दहा लिटर पेट्रोलला एक लिटर लॅकर थिनर, मग गाडी जोरात चालवायची. मी रंगाच्या दुकानातून पाच लिटरचा एनसी थिनरचा डबा आणला आणि वीस लिटरमध्ये दोन लिटर ओतला. गाडी चालते, हे कबूल. थिनरमध्ये टोल्युइन असतं आणि त्याचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे इंजिन कुरकुरत नाही. पण त्यात ॲसिटोन आणि अल्कोहोलही असतात आणि डब्यावर प्रमाण कुठेच लिहिलेलं नसतं. दुसऱ्या डोसनंतर मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायला लागला. ही म्हणाली, “डोकं दुखतंय, गाडी थांबवा.” टाकीवरच्या पंपाच्या जोडाची रबरी रिंग फुगून सुटली होती. पेट्रोल झिरपतंय, खाली गरम सायलेन्सर आणि मागे आमची मुलगी बसलेली. त्या दिवशी काही झालं नाही, हे नशीब. रिंगसकट काम बाराशेत झालं, पण थिनर टाकीत ओतू नका, एवढं मी कुणालाही हात जोडून सांगेन.

शेवटी दिवाळीनंतर गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनरकडे पाहिलंही नाही, इंजिन ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली. “तेल किती टाकता मध्ये?” मी म्हटलं, हजार किलोमीटरला पाव लिटर लागतं, जुनी गाडी आहे. “आणि ही कॉइल?” तीन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल पावसाळ्यात मिसफायर देत होती, म्हणजे मधूनच ठिणगी चुकत होती. त्याचा पी०३०३ कोड मला दोनदा दिसला होता आणि मीच तो पुसला होता, कारण माझं लक्ष फक्त पी०४२० वर होतं.

काका म्हणाले, “साहेब, कन्व्हर्टर आपल्या मरणाने मरत नाही. त्याला कोण मारतंय ते बघा.”

मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल जळलं की त्यातला फॉस्फरस आणि झिंक जाळीवर काचेसारखा थर चढवतात. काजळी असेल तर ती उष्णतेने जळून जाईल. पण फॉस्फरसचा थर पेट्रोलमधल्या सॉल्व्हंटने कसा निघेल? ते द्रावण तर सिलिंडरमध्येच जळून जातं, जाळीपर्यंत पोचतच नाही. एवढी साधी गोष्ट मला सहा बाटल्यांनंतर कळली.

डिसेंबरात खंबाटकी चढताना गाडीने मानच टाकली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला, मागून ट्रकचा हॉर्न, गाडी तीसच्या वर जायला तयार नाही. काकांनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. अडीच हजार आरपीएमला साडेचार पीएसआय. तीनच्या वर गेलं म्हणजे जाळी तुंबली समजायचं. कन्व्हर्टर उतरवल्यावर स्वतः पाहिलं: तोंडाशी एक तृतीयांश जाळी वितळून गोळा झालेली, उरलेल्या भागावर राखाडी-पांढरी चकाकी. ही गोष्ट कुठल्या बाटलीने सुटणार होती, देव जाणे.

दोन ‘स्वस्त’ पर्याय सुचवले गेले, काकांकडून नव्हे. एक, जाळी फोडून रिकामा डबा बसवायचा. दोन, मागच्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब धरणारा तुकडा, लावून संगणकाला गंडवायचं. दोन्ही बेकायदा आहेत आणि मुलगी ज्या शाळेच्या गेटवर उभी राहते तिथेच तो धूर सोडायचा, हे मला जमलं नाही.

कंपनीच्या नव्या कन्व्हर्टरचा भाव अडतीस हजार निघाला. त्याच मापाचा बाहेरचा साडेअकरा हजारांत बसवला, सोबत कॉइल, चारही प्लग आणि व्हॉल्व्ह सील. जुना डबा भंगारवाल्याने चार हजारांना मागितला, तेव्हा मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांचं गणित समजलं. आतल्या धातूंसाठीच ते सगळं.

बसवून सव्वादोन महिने झाले. मागचा सेन्सर ०.६८ वर स्थिर, मॉनिटर ‘रेडी’. बाहेरच्या कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी घातलेले असतात असं म्हणतात, त्यामुळे पाच वर्षांची आशा धरत नाही. तेल अजून थोडं खातेच, अडीच हजार किलोमीटरला पाव लिटर. आता दर रविवारी डिपस्टिक ओढतो. थिनरचा उरलेला डबा गॅलरीत पडून आहे. गेटला रंग द्यायचा आहे, तिथे लागेल.