टेली-मानस १४४१६: पॅनिक अटॅकसाठी कितपत कामाची?

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घसा आवळलेला आणि ‘आता आपण जातो’ ही खात्री. हा पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी उसळणारी घबराट. कोकणात याचं पहिलं निदान ‘गॅस’, दुसरं ‘बाहेरचं’. सोडा पिऊन झाला, नारळ उतरवून झाला, की मग डॉक्टर आठवतो.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशकाशी बोलणं होतं. गरज पडली तर तो पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. सावंतवाडीहून किंवा गुहागरहून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे घरबसल्या पहिला सल्ला मिळणं ही मोठीच सोय.

पण ऐन अटॅकमध्ये या सेवेवर विसंबू नका. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. दम लागलेला असताना बटणं दाबत बसणं जमत नाही. शिवाय पावसात वीज गेली की रेंजही जाते, आणि कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात, म्हणजे साडेसहा किलोमीटर, फोनचा भरवसा कसला?

त्या वेळी करायचं ते असं: नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटं. ‘जोरजोरात श्वास घे’ असं शेजारचे हमखास सांगतात आणि तिथेच बिघडतं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या आणि चक्कर वाढते. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. आजार दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घातक ठरते. आणि जमेल तितकं तिथेच थांबा. दरवेळी उठून पळालं, की पुढच्या वेळी एसटीत चढायचीही भीती बसते.

पहिल्यांदाच असं झालं असेल, किंवा छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, तर १४४१६ नव्हे, १०८. ईसीजी आधी.

टेली-मानसला फोन दुसऱ्या दिवशी निवांत करा, कागद जवळ घेऊन. अटॅक कुठे आला, किती वेळ टिकला, त्याआधी चहा-कॉफी किती झाली, कोणती औषधं चालू आहेत, थायरॉइड तपासलं का, हे लिहून ठेवा. मागचाच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नका, तोच कागद पुन्हा कामी येतो. ‘मन शांत ठेवा’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, जवळ कुठे मिळेल, हे स्पष्ट विचारा. पॅनिकवर ती उपचारपद्धत चांगली लागू पडते.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय सुचवलं तर दचकू नका. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून त्याचं नाव गावभर झालंय खरं, पण तिथे दाखवायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली (नैराश्यावर आणि घबराटीवर रोज घ्यायची) गोळी दिली तर गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला घालमेल थोडी वाढूही शकते. म्हणून आठवड्यात ‘लागू पडत नाही’ म्हणत ती मनानेच सोडू नका. आणि अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट पटकन दाबणारी गोळी, चिठ्ठीशिवाय, कुणाच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नका. तिची सवय लागते, आणि रोजची गोळी एकदम तोडली तर घबराट उलट उसळते.