स्ट्रॉबेरीला खत: दाणेदार, ठिबकचं की जीवामृत?

महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या खालच्या अंगाला आमची तीस गुंठे तांबडी जमीन आहे. खतावरून घरात दरवर्षी वाद व्हायचा, म्हणून गेल्या हंगामात मी तिचे सरळ तीन वाटे केले. दहा गुंठ्यांना लागणीआधीच मातीत दाणेदार खताचा बेसल डोस, दहाला ठिबकमधून विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं खत, आणि उरलेले दहा अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हवाली, शेणखत आणि जीवामृत या शेण-गोमूत्राच्या द्रावणावर. रोपं सगळीकडे विंटर डाऊन जातीचीच, लागणही एकाच आठवड्यातली, सप्टेंबरअखेरची.

दाणेदार खत स्वस्त पडतं, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. बेड भरताना १०:२६:२६ मिसळलं (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश, अर्थात नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशचं प्रमाण), वर मल्चिंग पेपर, म्हणजे प्लॅस्टिकचं आच्छादन अंथरलं. पण आमच्याकडे सप्टेंबर संपला तरी पाऊस पाय काढत नाही. नत्र पाण्याबरोबर खाली निघून गेलं आणि स्फुरद या लोहाच्या आम्ल मातीत अडकून बसलं. पेपर अंथरल्यावर पुन्हा खत द्यायचं तर प्रत्येक भोकात चिमूट चिमूट टाकावं लागतं. तसा युरिया टाकला, तर आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. कच्चं कोंबडखत घालू नका म्हणतात तेही याचसाठी.

ठिबकचा वाटा मात्र पहिल्या महिन्यापासून उठून दिसला. मुळं धरेपर्यंत १२:६१:००, मग १९:१९:१९, फुलं लागली की ००:५२:३४, फळ भरताना १३:००:४५. तेही एकदम नाही, दर तिसऱ्या दिवशी थोडं थोडं. पहिला तोडा याच बेडवरून निघाला आणि बाजार चढा असताना निघाला. आमचा वर्षाचा हिशेब त्या पहिल्या पेट्यांवरच उभा असतो.

दोन चुका माझ्या हातून झाल्या, त्या मुद्दाम सांगते. एका संध्याकाळी घाईत कॅल्शियम नायट्रेट आणि ००:५२:३४ एकाच ड्रममध्ये कालवलं. पाणी दुधासारखं झालं, तळाला पांढरा गाळ बसला, आणि तो कळायच्या आत लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांत गेला. ड्रिपर मोकळे करायला आम्ल सोडावं लागलं, तोवर दोन ओळींना पाणीच पोचलं नाही. खत विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. दुसरी चूक डिसेंबरातली. झाडं हिरवीगार दिसतात म्हणून १९:१९:१९ चालूच ठेवलं. पाला माजला, फळ मऊ आलं आणि पानाआडच्या फळांवर करडी बुरशी चढली. मऊ फळ पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात भरून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवलं की सकाळी खाली रस सुटलेला असतो. नत्र कमी करून पालाश वाढवला, तेव्हा फळ कडक यायला लागलं.

अण्णांचं जीवामृत नेहमीचंच: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. फडक्यातून दोनदा गाळूनही ठिबक तुंबलं, मग मगाने आळवणी करावी लागली. त्यात मजुरी गेली. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं त्या दिवसांत जमीन इतकी गार होते की जिवाणूंचं कामच थंडावतं. पाला फिकट पडला, पहिला तोडा बारा दिवस उशिरा आला. मी नाराज होते. अण्णा म्हणाले, "अगं, माती हातात घेऊन बघ, ढेकूळ आहे का कुठं?" खरंच नव्हतं. फेब्रुवारीपासून त्याच बेडवरचं फळ लहान, पण आतपर्यंत लाल आणि टणक निघालं. रस्त्यालगतच्या आमच्या टेबलावर चाखून बघणारी माणसं तीच टोपली मागायची. गोडीला तो वाटा पहिला, हे मी मान्य करते.

तरी स्ट्रॉबेरीवर घर चालवायचं असेल तर ठिबकच घ्या, मात्र खाली पूर्ण कुजलेलं शेणखत हवंच. आणि आधी माती तपासून घ्या. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या बाहेर असेल, तर महागडं विद्राव्य खतही वाया जातं. दाणेदार मी पुन्हा घेणार नाही.

यंदा तिन्ही वाट्यांत शेणखत पडलंय. अण्णांचा ड्रम थंडीआधी आणि पुन्हा फेब्रुवारीत. सोमवारी स्फुरद, गुरुवारी कॅल्शियम, असं पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.