मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड, साडेतीन वर्षांनंतर: औषध बंद पडलं का ड्रॉपर?

दोन्ही केसगळतीची औषधं, मिनॉक्सिडिल टाळूवर लावायचं आणि फिनास्टेराइड गिळायचं. याहून जास्त मी सांगत बसणार नाही, ज्याची टाळू दिसायला लागली त्यानं ते सगळं रात्री पांघरुणात मोबाईल धरून वाचलेलंच असते. माझं वय ३८, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, कास्तकारी आणि सोबत छोटं कृषी केंद्र. ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल सकाळ-संध्याकाळ आणि १ एमजी फिनास्टेराइडची गोळी रात्री, साडेतीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं एक नंबर, भांग पाडता येत होता, लग्नात फेटा काढताना इकडंतिकडं पाहावं लागत नव्हतं. मग २०२४ च्या दिवाळीत न्हाणीच्या जाळीवर असा गुंता जमायला लागला की घरची म्हणे हे माझे नाहीत, माझे लांब आहेत.

आणि नेमकं त्याच वेळी ड्रॉपर, म्हणजे बाटलीतून मिनॉक्सिडिल ओढायची रबरवाली नळी, गेला.

आता ड्रॉपरवर थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर कोणीच लिहीत नाही. सगळे रिव्ह्यू केस आले का नाही यावरच. बाटली ६० एमएलची, एका वेळचा डोस १ एमएल, दिवसातून दोनदा, म्हणजे बाटली बरोबर महिनाभर जायला पाहिजे. माझी दीड महिना जात होती. मला वाटे कंपनी मापात जास्त देऊन राहिली, भली कंपनी आहे. एक दिवस उजेडात धरून पाहिलं तर ड्रॉपरवरची १ एमएलची रेघ औषधानंच पुसून टाकलेली, वरचं रबर फुगून चिकट झालेलं, दाबलं की आत बसते आणि वर येतच नाही. बाटली अर्ध्यावर आली की नळी तळाला पोचत नाही, तिरपी धरून ओढा तर अर्धं औषध अर्धी हवा. सातशेच्या वरची बाटली आणि त्यावर असला माल! आमच्या दुकानात फवारणीच्या औषधासोबत जे फुकटचं मापाचं झाकण येते त्याच्यावरच्या रेघा तीन वर्षं जात नाहीत.

कस्टमर केअरला फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, पण हिंदीत एक पोरगी बोलली, सर आप अनबॉक्सिंग का वीडियो भेजिए. म्हटलं बाई, औषध अर्धं वापरून झालं, आता कुठलं अनबॉक्सिंग. मग म्हणे बदली ड्रॉपर पाठवतो, पिनकोड सांगा, पिनकोड सांगितला तर या एरियात सर्व्हिस नाही. औषध विकायला सर्व्हिस आहे, तालुक्याला जाऊन पार्सल मीच आणतो ते वेगळं, पण पाच रुपयाच्या नळीला सर्व्हिस नाही. मी मेल केले, फोटो पाठवले, तिकीट नंबर मिळाला, आणि मग तिकीट "सॉल्व्ह झालं" असा मेसेज आला. काय सॉल्व्ह झालं ते त्यांनाच माहीत.

शेवटी मेडिकलमधून एक छोटी सिरिंज घेतली, सुई काढून टाकली, बाटलीत घातली, बरोबर १ एमएल ओढलं. साडेतीन वर्षांतली सगळ्यात भारी खरेदी. रेघ पुसत नाही, तळातला थेंब न् थेंब निघते, टाळूवर पाहिजे तिथंच पडते, कपाळावर ओघळ येत नाही. ज्याचं औषध "काम करेनासं झालं" त्यानं डॉक्टरकडं पळायच्या आधी महिनाभर सिरिंजनं मोजून लावून पाहा, एवढं तरी करा.

इथपर्यंत मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं की दोष ड्रॉपरचा. संक्रांत आली, सिरिंज दोन्ही टाइम चालू, डोस पूर्ण, आणि जाळीवर केस तेवढेच. आता काय म्हणावं.

त्याच जानेवारीत, २०२५ ची गोष्ट, बुलढाण्याची बातमी आली. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले, बायकापोरांसकट टक्कल. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची, टीम येऊन गेली. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर, तेच विंचूदंशाच्या उपचारावाले, त्यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज लय जास्त निघाल्याचं सांगितलं. आमच्या गावात चावडीवर मी दिसलो की झालं, "काहून भाऊ, शेगावचा गहू खाल्ला का?" चार दिवस हसलो, पाचव्या दिवशी मलाच शंका आली, आमच्याही घरी रेशनचा गहू येते ना. म्हणून यवतमाळला स्किनच्या डॉक्टरकडं गेलो, नाहीतर सहाशे रुपये फी मी दिली नसती.

डॉक्टरनं पहिलं विचारलं, दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी ताप आला होता का. आला होता ना, पोळ्याच्या आसपास टायफॉइड, आठवडाभर सलाइन. ते म्हणाले मग हे त्याचं आहे. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, एकदम वजन उतरणं, असं काही झालं की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सोबतच गळतात. सगळ्या डोक्याचे गळतात, नुसते टाळूचे नाही. ते आपोआप थांबते, सहाएक महिन्यांत. शेगावचा प्रकार वेगळा, तिथं ज्यांचे केस गेले त्यातल्या बऱ्याच लोकांचे परत उगवले. मग दुर्बिणीसारखं यंत्र लावून टाळू दाखवली, मोबाईलवर फोटो, एक केस जाड दोऱ्यासारखा आणि त्याच्या बाजूचे तीन कोळिष्टकासारखे. ते म्हणाले हे जे बारीक होऊन राहिले ते तापाचं नाही, ते खानदानी. थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासलं, दोन्ही ठीक निघालं.

होळीपर्यंत जाळीवरचा गुंता खरंच गेला. म्हणजे डॉक्टर बरोबर, ड्रॉपर निर्दोष. (पूर्ण नाही. इतके दिवस डोस कमी गेला असेल तर त्याचा काहीच परिणाम नाही हे मी मानत नाही.) पण टाळू भरली नाही. लग्नातले जुने फोटो काढून बसलो, त्याच कोनातून घरचीनं नवा काढला, तर सुरुवातीला जिथं होतो त्याच्यापेक्षा थोडं बरं, दोन वर्षांपूर्वीच्यापेक्षा कमी. डॉक्टरचं म्हणणं असं की औषध बंद पडलं नाही, खालची पडझड औषधापेक्षा पुढं गेली. औषध नसतं तर आता कुठं असते ते कोणाला दिसत नाही, म्हणून वाटते काही उपयोग नाही. आणि मिनॉक्सिडिल सोडलं तर त्याच्यानं टिकलेलं तीन ते सहा महिन्यांत जाते, हेही बजावलं.

मग पर्याय. एक, मिनॉक्सिडिलची गोळी, कमी डोसमध्ये. हे औषध मुळात बीपीचंच, केस वाढतात हा त्याचा साइड इफेक्ट होता, लावायचं औषध अमेरिकेत १९८८ ला मंजूर झालं. गोळीनं पायाला सूज, धडधड, अंगावर नको तिथं केस येऊ शकतात. माझं बीपी आधीच खाली राहते, उन्हात वखरणी करताना चक्कर आली तर पाहायला कोण आहे. नको म्हटलं.

दोन, फिनास्टेराइडच्या जागी डुटास्टेराइड. फिनास्टेराइड रक्तातलं डीएचटी, म्हणजे केस बारीक करणारं हार्मोन, ६०-७० टक्के कमी करते, डुटास्टेराइड ९० च्या वर. कोरियात २००९ ला आणि जपानमध्ये २०१५ ला केसांसाठी मंजूर झालं, अमेरिकेत अजून नाही. गंमत म्हणजे चिठ्ठी पाहून मोठेबाबा म्हणे, "अरे हे तर माह्यंच औषध हाय, मले लघवीसाठी देल्लं." खरंच तेच, ०.५ एमजीची कॅप्सूल, प्रोस्टेटवाली. वय ७४ चा माणूस आणि मी, दोघांचं औषध एक. पण ते अंगातून जायला महिनोन् महिने लागतात, काही त्रास झाला तर लगेच सुटका नाही. रक्तदानही सोडल्यावर सहा महिने चालत नाही, फिनास्टेराइडला एकच महिना. तसंही शिवजयंतीच्या शिबिरात मी बाजूला उभा राहतो आणि पोरं विचारतात भाऊ तुम्ही काहून नाही देत, सांगायची पंचाईत.

तीन, केसांचं ट्रान्सप्लांट. नागपूरला एका ठिकाणी विचारायला गेलो. डॉक्टर भेटलेच नाहीत, टाय लावलेला एक काउन्सेलर भेटला, माझ्या डोक्यावर पेननं रेघा मारल्या, २५०० ग्राफ्ट, म्हणजे लावायचे केसांचे पुंजके, सांगितले आणि आज बुकिंग केलं तर डिस्काउंट. लावणार कोण विचारलं तर "आमची टीम". नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ लाच सांगितलं आहे की ट्रान्सप्लांट प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच करावं, व्हिडिओ पाहून शिकलेल्यानं नाही. शिवाय लावलेले केस टिकले तरी आजूबाजूचे आपले जातच राहतात, म्हणजे गोळी चालूच. सव्वा लाख देऊन गोळी चालूच! बस पकडली.

कांद्याचा रस आणि जत्रेतलं तेल यावर मी बोलत नाही.

आता हिशोब, कारण शेवटी त्यावरच ठरलं. बाटली आणि गोळ्या मिळून महिना १०५० च्या घरात, वर्षाचे १२,६०० रुपये. कापसाचा लांब धाग्याचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ७५२१ होता, म्हणजे दरवर्षी दीड क्विंटलच्या वर कापूस माझ्या टाळूवर, तोही हमीभाव मिळाला असं धरून, व्यापाऱ्यानं काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातले चारपैकी तीन हिस्से पैसे बाटलीचे. आणि बाटलीचाच वैताग. उन्हाळ्यात ४५ डिग्रीला वावरात जायचं तर डोक्याला शेला लागतोच, तो बांधला की औषध शेल्याला. वाळलं की पांढरे कण, लोक म्हणतात कोंडा झाला. त्यात अल्कोहोल असते म्हणून चुलीजवळ जायचं नाही. मांजराला ते विषारी, आणि आमची मनी माझ्याच उशीवर झोपते, तर रोज अभ्रा बदला.

तर फिनास्टेराइडची गोळी चालू ठेवली, मिनॉक्सिडिलची बाटली बंद केली. डॉक्टरला फोन करून सांगितलं, ते म्हणाले जाईल काही, तयारी ठेवा. गेलं. जेवढं सांगितलं होतं तेवढं गेलं, कपाळावरचे फारसे नाही, टाळूचे गेले. तुमचं वय पंचवीस असेल आणि लग्न व्हायचं असेल तर माझं ऐकू नका, बाटली चालू ठेवा, सिरिंजनं लावा. मला परवडलं नाही असं नाही, मला पुरे झालं.

रेटिंग: गोळीला पाचपैकी चार. मिनॉक्सिडिलला तीन, पहिल्या दोन वर्षांसाठी. ड्रॉपरला शून्य, कंपनीच्या त्या तिकिटाला शून्याच्याही खाली. सिरिंजला पाच.

एक सीलपॅक बाटली पडून आहे, मेडिकलवाला परत घेत नाही, बिल आहे तरी नाही. आणि कटिंगवाल्याकडून आता दोन नंबरची मशीन मारून घेतो, पाच मिनिटांचं काम, अर्ध्या डोक्याला केस नाहीत, तरी तो पूर्ण साठ रुपये घेते. त्याच्याशी बोलणी चालू आहेत.