रेनबो सिक्स: जुने-नवे भाग काही महिने खेळल्यावर

रेनबो सिक्स ही दहशतवादविरोधी पथकांच्या व्हिडिओ गेमची मालिका, आणि 'सीज' हा तिचा ऑनलाइन खेळायचा भाग. सीजमध्ये कुठला ऑपरेटर (म्हणजे खेळायचं पात्र) घ्यावा, कुठली बंदूक चांगली, किती फ्रेम मिळतात, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मी लिहितोय एकाच स्क्रीनबद्दल. जुन्या भागांत मिशन सुरू व्हायच्या आधी इमारतीचा नकाशा समोर यायचा, तो स्क्रीन. या मालिकेतला कुठलाही भाग चांगला की वाईट हे मी त्यावरून ठरवतो.

निमित्त झालं पावसाचं. गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर फणसाची फांदी केबलवर पडली आणि सीजचा रँक्ड (क्रमवारीसाठीचा) सामना ऐन रंगात असताना नेट गेलं. सामना सोडल्याचा दंड माझ्या खात्यावर बसला. परत आत शिरायची सोय आहे, पण त्यालाही नेट लागतं. नेटवाल्यांना फोन केला की "उद्या माणूस पाठवतो" एवढंच उत्तर. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली तरी माणूस नाही. बंद दिवसांचे पैसे बिलातून कापून घ्यायला वेगळं भांडावं लागलं. पैसे थोडेच होते, पण न मिळालेल्या सेवेचा एक रुपयाही मी देणार नाही.

त्या काळात जुन्या लॅपटॉपवर याच मालिकेतला जुना भाग 'रेव्हन शील्ड' टाकला. सेलमध्ये आधीच घेऊन ठेवला होता, फिश थाळीपेक्षा स्वस्त. 2003 चा गेम, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवरही मजेत चालतो, आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही.

काय गेम आहे! आधी माणसं निवडायची, लाल, हिरव्या आणि सोनेरी अशा तीन तुकड्या पाडायच्या. मग नकाशावर प्रत्येक तुकडीची वाट आखायची: इथून चढा, या दाराशी थांबा, इथे फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा बॉम्ब) टाका. दोन तुकड्या दोन दारांशी उभ्या करून ठेवायच्या आणि 'अल्फा' हा इशारा दिला की दोन्ही एकदम आत. ओलीस असलेल्या खोलीत हे जमतं तेव्हा सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. त्या काही सेकंदांसाठी मी अर्धा तास नकाशावर घालवतो आणि मला तो अर्धा तासच जास्त आवडतो. एक-दोन गोळ्या लागल्या की माणूस गेला, म्हणून नकाशाला किंमत. आणखी एक बारीक गोष्ट: माउसचं चाक फिरवून दार हळूहळू, हवं तेवढंच उघडता येतं. आजही बहुतेक गेममध्ये दार एक तर बंद असतं नाही तर सताड उघडं.

ही कल्पना मुळातलीच. 1998 मध्ये रेड स्टॉर्म कंपनीने पहिला भाग काढला तेव्हा पीसीवर हातातली बंदूकसुद्धा दिसत नव्हती, पण नियोजनाचा टप्पा पूर्ण होता. मेलेला ऑपरेटिव्ह पुढच्या मिशनला मिळायचा नाही. 1999 च्या 'रोग स्पिअर'नेही तोच बाणा ठेवला. 2000 मध्ये यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने रेड स्टॉर्म विकत घेतली, तरी 'रेव्हन शील्ड'पर्यंत नकाशा टिकला.

मग 'लॉकडाउन' नावाचा भाग आला आणि नियोजनाचा टप्पाच उडवला. मला हे आजही पटत नाही. 2006 चा 'व्हेगास' त्यापेक्षा कितीतरी सुबक: दाराखालून सापासारखा कॅमेरा सरकवायचा, आधी कोणाला टिपायचं ते सोबत्यांना खुणेने सांगायचं, दोरीवरून उलटं लोंबकळत खिडकीतून घुसायचं. पण गोळ्या लागल्या तरी आडोशाला जरा थांबलं की तब्येत आपोआप सुधारते. चुकीची किंमतच नाही, मग आधी विचार कोण करणार? 'व्हेगास 2' मी अर्ध्यात सोडला. 2011 मध्ये जाहीर झालेला 'पेट्रियट्स' तर रद्दच झाला, आणि 2015 च्या डिसेंबरात 'सीज' आला.

नेट परत आल्यावर सीज उघडला तो त्याच्यावर टीका लिहायच्या तयारीने. कथा नाही, नकाशावर रेषा नाहीत, पाच विरुद्ध पाच आणि अनोळखी पोरांची आरडाओरड. पण फोंड्याचा माझा भाचा आणि त्याचे मित्र यांच्याबरोबर नेमाने खेळायला लागलो तसं मत बदलत गेलं. फेरीआधीच्या 45 सेकंदांत ड्रोन फिरवून भाचा सांगतो, "मामा, बॉम्ब तळघरात, जिन्याच्या दारात कापकानचा सापळा असणार, तुम्ही वरून जमीन फोडा." कापकान, थर्माइट, बँडिट, थॅचर ही सगळी ऑपरेटरांची नावं. थर्माइट मजबूत केलेली भिंत जाळायला बसतो. पलीकडून बँडिटने बॅटरी लावून तिला वीज जोडलेली असते, म्हणून आधी थॅचरचा ईएमपी, म्हणजे विजेची यंत्रं बंद पाडणारा बॉम्ब. बॅटरी बंद पडली की लगेच भिंत. हा नेम चुकला तर सगळं फिसकटतं. नकाशा इथे कागदावर नाही, पाच जणांच्या तोंडी आहे. 2022 पासून हल्लेखोरांना तयारीच्या वेळातच ऑपरेटर बदलता येतो. म्हणजे ड्रोनला दिसलं त्याप्रमाणे बेत बदलता येतो, आणि ही सोय 'रेव्हन शील्ड'मध्येही नव्हती.

तरीही माझं मत पूर्ण फिरलेलं नाही. सामन्यासाठी एकट्याने रांगेत उभं राहिलात तर यातलं काहीच मिळत नाही. आपल्याच बाजूची चार अनोळखी माणसं बोलत नाहीत आणि बेत म्हणून काही उरत नाही. शिवाय स्किन, म्हणजे पात्रांचे विकत मिळणारे पोशाख. ब्रिटनची एसएएस, फ्रान्सची जीआयजीएन, जर्मनीची जीएसजी 9 अशा खऱ्या पथकांपासून सुरू झालेल्या गेममध्ये ओलीस सोडवायला रंगीबेरंगी सोंगं येतात, याने माझा सगळा रस जातो. गुजरातमधल्या अमरेलीची काली ही ऑपरेटर आली तेव्हा आनंद झाला होता, पण तिलाही नाइटहेवन या खासगी लष्करी कंपनीत बसवलं.

पैशांचं म्हणाल तर 2025 च्या जूनपासून 'सीज एक्स' या सीजच्या नव्या रूपामुळे सुरुवात फुकट करता येते, रँक्डसाठी मात्र पैसे. सोबत बोलणारे दोघे-तिघे मित्र मिळेपर्यंत एक रुपया घालू नका. आणि पावसाळ्यात रँक्ड खेळणार असाल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. लाईट गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, सामना मात्र राउटर बंद पडल्यामुळे जातो.

'रेव्हन शील्ड' मात्र लगेच घ्या. त्यात तयार आखलेले बेत मिळतात, ते पहिल्या मिशनला बघून घ्या, पण वापरू नका. रुंद पडद्यावर चित्र नीट दिसण्यासाठी सेटिंगची फाइल हाताने बदलावी लागते, आणि जुनी ऑनलाइन व्यवस्था बंद असल्याने मित्रांबरोबर खेळायचं तर ओपनआरव्हीएस नावाचा चाहत्यांनी केलेला पॅच टाकावा लागतो. माझा भाचा आता तो टाकून बसलाय, आणि सोनेरी तुकडी त्याच्याकडे असते.